सॉफ्टनरची बॅच गोदामात घट्ट होते, काही बाटल्यांत तळाशी पाणी सुटतं – दोष क्वाटचा की आमच्या पद्धतीचा?

रबाळे_ब्लेंडिंग

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत लहान युनिट आहे. हँडवॉश, डिशवॉश, फिनाइल ही मुख्य उत्पादनं. आता कपड्यांचं सॉफ्टनर सुरू केलंय. बॅच भरताना माल छान पातळ, एकसारखा दिसतो. दोन-तीन आठवड्यांत गोदामात घट्ट होतो, बाटली उलटी केली तरी गोळा पडतो. काही बाटल्यांत उलट प्रकार: वर जाड थर, तळाला दोन बोटं निळसर स्वच्छ पाणी. उघडल्यावर सुगंधाच्या मागून मेणबत्तीसारखा वासही येतो.

२०० किलोचा फॉर्म्युला असा:

एस्टरक्वाट, म्हणजे कपडे मऊ करणारा मुख्य घटक, थोडक्यात क्वाट, ९० टक्के (उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल) – ११ किलो
एचईसी (हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज, दाटपणासाठीचा गोंद) – ५०० ग्रॅम
साधं मीठ – ६०० ग्रॅम
सुगंध – ८०० ग्रॅम
सीएमआयटी-एमआयटी (प्रिझर्व्हेटिव्ह) १.५ टक्के – २०० ग्रॅम
निळा रंग – ४ ग्रॅम, डिशवॉशला वापरतो तोच
बाकी पाणी. एमआयडीसीची लाइन आहे, कमी पडलं की टँकर.

पद्धत: पाणी ४५ अंशांवर घेऊन त्यात एचईसी फुगवतो. क्वाट ड्रमच्या वरून खरवडून पातेल्यात घेतो, शेगडीवर वितळवतो आणि ओततो. पीएच आपोआप तीनच्या आसपास येतो, तो कॉस्टिक सोड्याने साडेपाचवर आणतो, म्हणजे हाताला आणि कपड्याला सौम्य. शेवटी मीठ टाकून पातळपणा जुळवतो.

क्वाटचा पुरवठादार म्हणतो माल उत्तम आहे. एचईसीचा ग्रेड बदलू का? की क्वाटच बदलू?

---

पीएच_तीन

क्वाट बदलू नका, एचईसीचा ग्रेडही बदलू नका. आधी ती शेगडी बंद करा. त्या ड्रममध्ये दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. नुसत्या आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ठाण्या-बेलापूर पट्ट्यात बाराही महिने त्याची वाफ पेट घ्यायच्या स्थितीत असते. क्वाट गरम पाण्याच्या टाकीत ठेवून वितळवायचं असतं, उघड्या ज्वाळेवर कधीही नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही कॉस्टिक घालता तिथेच बॅच मरते.

एस्टरक्वाट म्हणजे पामतेलाच्या किंवा चरबीच्या फॅटी अॅसिडच्या दोन लांब साखळ्या, त्या ट्रायइथेनॉलअमाइनला एस्टर बंधाने जोडलेल्या आणि मधल्या नायट्रोजनवर धन प्रभार. पूर्वी यात एस्टर बंध नव्हता, साखळ्या थेट नायट्रोजनला जोडलेल्या असत. तो जुना रेणू निसर्गात लवकर विघटित होत नसे, म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या उत्पादकांनी तो मागे टाकून एस्टरवाला घेतला. हा मुद्दाम तुटण्यासाठीच बनवलाय. तो नाल्यात तुटावा, बाटलीत तुटू नये, एवढं आपण सांभाळायचं.

एस्टर बंध पाण्यात सर्वांत टिकाऊ असतो साधारण पीएच २.५ ते ३.५ च्या पट्ट्यात. चारच्या वर गेलं की हायड्रॉक्साइड त्याला फोडायला लागतो आणि पीएच जसा वाढेल तसा वेग वाढतो. फार खाली, दोनच्याही खाली, गेलात तर आम्लामुळे तुटतो. साडेपाचवर, पत्र्याच्या गोदामात, एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन आठवडे म्हणजे तुटायला भरपूर वाव. तुटल्यावर मोकळं होतं फॅटी अॅसिड, तोच तुमचा मेणबत्तीचा वास. साडेपाचला त्यातला काही भाग साबणाच्या रूपात जातो. साबण ऋण प्रभारी, क्वाट धन प्रभारी, दोघं चिकटतात आणि गाठी होतात. शिवाय दोन साखळ्यांच्या रेणूची एक साखळी गळाली की कणांची रचनाच बदलते, म्हणून घट्टपणा हाताबाहेर जातो.

‘साडेपाच म्हणजे सौम्य’ हा हिशेब हँडवॉशचा, तो इथे आणू नका. सॉफ्टनर बादलीभर पाण्यात झाकणभर पडतो. पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल मारायची क्षमता) ते आम्ल तिथल्या तिथे खाऊन टाकते, कपड्यावर पीएच तीन पोचतच नाही.

करायचं असं: क्वाट घालण्याआधीच पाणी आम्लयुक्त करा, पीएच २.५ ते २.८. मग क्वाट. तयार मालाचा पीएच २.८ ते ३.२ मध्ये बसवा. आम्ल वजनाने ठरवू नका, कारण लाइनचं पाणी आणि टँकरचं पाणी एकसारखं नसतं. मिथाइल ऑरेंजवर अल्कलिनिटी काढा. समजा ती लिटरला १०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेट धरून) आली. म्हणजे लिटरला २ मिलिइक्विव्हॅलंट, २०० लिटरला ४००. तीस टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अॅसिड साधारण ९.५ नॉर्मल असतं, म्हणजे निव्वळ अल्कलिनिटी मारायला ४२ मिली. तिथून पीएच तीनला न्यायला आणखी साधारण २० मिली. टँकरच्या पाण्याची अल्कलिनिटी तिप्पट निघाली तर हाच आकडा दीडशे मिलीच्या आसपास जातो. त्या दिवशी नेहमीचं माप टाकलंत तर पीएच सहाच्या वरच राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आम्ल कोणतं? बाजारात कॅनमधून मिळणारं पिवळं हायड्रोक्लोरिक नको, तो पिवळेपणा लोखंडाचा असतो. लोह सुगंधाचं ऑक्सिडेशन वाढवतं, मालही मळकट दिसतो. पाण्यासारखं स्वच्छ ग्रेड घ्या किंवा सरळ सायट्रिक वापरा. सायट्रिक महाग पडतं, पण लहान युनिटला हाताळायला सोपं.

पीएच मीटरबद्दल एक गोष्ट. क्वाट इलेक्ट्रोडच्या काचेवर चिकटून बसतो, कारण काचेचा पृष्ठभाग ऋण असतो. चार-पाच वाचनांनंतर मीटर सावकाश आणि चुकीचं दाखवू लागतो. प्रत्येक वाचनानंतर कोमट आयसोप्रोपिल-पाण्यात धुवा, मग डिस्टिल्ड पाण्यात, आणि रोज ४ च्या बफरवर तपासा. पट्टीवर विसंबू नका. निळ्या मालात पट्टीचा रंग धड कळतही नाही.

---

टाकी_आणि_स्टिरर

वरच्यांनी पीएचचं नेमकं सांगितलंय. मी घट्टपणा आणि तळच्या पाण्याबद्दल लिहितो, कारण नुसता पीएच सुधारून हे दुसरं दुखणं जाणार नाही.

सॉफ्टनर हे द्रावण नाही. गरम पाण्यात वितळलेलं क्वाट ओतलं की त्याचे अतिसूक्ष्म गोळे होतात, एकात एक पापुद्रे असलेले, कांद्यासारखे. प्रत्येक पापुद्र्यामध्ये पाणी अडकलेलं असतं. माल किती घट्ट, हे त्या गोळ्यांनी एकूण किती जागा व्यापलीय यावर ठरतं. क्वाट तेवढंच ठेवून गोळ्यांच्या पोटातलं पाणी वाढलं तर घट्ट, कमी झालं तर पातळ. बाहेरच्या पाण्यात क्षार घातला की परासरणाने आतलं पाणी बाहेर येतं, गोळे आकसतात आणि माल पातळ होतो. मीठ टाकल्यावर तुम्हाला जो परिणाम दिसतो तो हाच.

पण तुम्ही दोन उलट गोष्टी एकाच टाकीत करताय. एचईसी घालून घट्ट, मीठ घालून पातळ. एचईसी नॉनआयोनिक, म्हणजे प्रभार नसलेलं, आहे, गोळ्यांना चिकटत नाही, फक्त मोकळ्या पाण्यात फिरतं. असा लांब पॉलिमर दोन गोळ्यांच्या मधल्या फटीत मावत नाही, म्हणून बाहेरून दाब देऊन त्यांना एकमेकांकडे ढकलतो. त्यात ०.३ टक्के मीठ गोळ्यांवरचा प्रभार झाकून टाकतं, म्हणजे एकमेकांना दूर ठेवणारी ताकदही गेली. मग गोळे पुंजके करतात. क्वाट पाण्यापेक्षा हलकं, पुंजके वर चढतात, तळाशी स्वच्छ पाणी. तुमच्या बाटलीत हेच झालंय. ज्या बाटल्यांत पाणी सुटलं नाही त्यांत बहुधा तुटणं जास्त पुढे गेलंय.

त्यामुळे एचईसी काढून टाका. पाच टक्के क्वाटला गोंद लागतच नाही, गोळे नीट बनले तर अंगचाच दाटपणा येतो. ग्राहकाला जाडच हवं असेल तर आम्लात टिकणारा कॅटायनिक (धन प्रभारी) थिकनर मिळतो, ०.१ ते ०.२ टक्क्यांत काम होतं. सीएमसी, झँथन, कार्बोमर यांच्याकडे बघूही नका, ते ऋण प्रभारी आहेत, क्वाटबरोबर चोथा होतो. आणि पीएच तीनला एचईसीची साखळी हळूहळू तुटते हेही आहेच, म्हणजे तुम्ही पीएच सुधारल्यावर एचईसीचा दाटपणाही टिकणार नाही.

मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड. पाच टक्क्यांच्या मालाला ०.०२ ते ०.१ टक्के पुरतं. २०० किलोला ४० ते २०० ग्रॅम. दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवा, कोरडं कधी टाकू नका. जिथे खडा पडतो तिथे स्थानिक प्रमाण एवढं वाढतं की तेवढा भाग फाटतो आणि नंतर कितीही ढवळा, परत मिसळत नाही.

आता पद्धत. क्वाटचा अख्खा ड्रम वितळवायचा. वरून खरवडू नका: ड्रम थंड होताना घटक वेगवेगळ्या थरांत बसतात, त्यामुळे वरच्या किलोत आणि तळच्या किलोत क्वाटचं प्रमाण सारखं नसतं. एक बॅच पाच टक्क्यांची, पुढची चार, तिसरी साडेपाच, असं होतं. गरम खोलीत किंवा पाण्याच्या जॅकेटमध्ये ५० ते ५५ अंशांवर सावकाश पूर्ण वितळू द्या, झाकण घट्ट बंद ठेवून. उघडं राहिलं तर अल्कोहोल उडून जातं आणि क्वाट पुढच्या वेळी आणखी घट्ट, वितळायला अवघड. मग ड्रम लोळवून एकजीव करा आणि लागेल तेवढं काढा. अख्खा ड्रम महिन्यात संपणार नसेल तर पहिल्यांदा वितळवल्यावरच ११-११ किलोच्या बंद कॅनमध्ये विभागून ठेवा. तोच माल पुन्हा पुन्हा तापवला तर पिवळा पडतो. ७० च्या वर नेऊच नका.

पाणी ४५ अंशांवर घेता, ते कमी आहे. गोळ्यांचे पापुद्रे एका ठरावीक तापमानाच्या वर मऊ असतात, खाली कडक. ते मऊ असतानाच नीट गोळे बनतात. पाम आधारित, अंशतः हायड्रोजनेट केलेल्या क्वाटला पाणी ५५ ते ६० चालतं. पूर्ण संपृक्त असेल, आयोडीन व्हॅल्यू (साखळी किती असंपृक्त त्याचं माप) पाचच्या खाली, तर ६५. तुमच्या पुरवठादाराकडून आयोडीन व्हॅल्यू मागून घ्या, त्यावर तापमान ठरवा. ४५ अंशांच्या पाण्यात ६० अंशांचं क्वाट ओतलं की बाहेरचा थर लगेच कडक होतो, आत न वितळलेला गर राहतो. गाळणीवर जे पांढरे दाणे अडकतात ते हेच.

पाण्यात आम्ल, अँटीफोम (नॉनआयोनिक सिलिकॉन, ०.०२ ते ०.०५ टक्के) घालून ६० अंशांवर आणा. क्वाट बारीक धारेने, १०-१५ मिनिटं घेऊन. ढवळणी पात्याची, मध्यम वेगाने, भोवरा पात्यापर्यंत खाली जाता कामा नये. हवा ओढली गेली की बुडबुडे गोळ्यांमध्ये अडकून बसतात आणि बाटली भरताना वजन जुळत नाही. क्वाट संपल्यावर तापमान तसंच ठेवून २० मिनिटं फिरवा. या टप्प्यावर माल घट्ट दिसतो, घाबरू नका. कॅल्शियम क्लोराइडचा निम्मा भाग गरम असतानाच द्या. मग तासाभरात सावकाश ४० वर आणा. बर्फ टाकून किंवा एकदम थंड पाणी ओतून नाही. ४० ला सुगंध, त्यानंतर प्रिझर्व्हेटिव्ह, रंग. ३५ च्या खाली आल्यावर उरलेला कॅल्शियम थोडा थोडा देत हवा तेवढा पातळपणा. थंड झालेल्या मालावर हाय शियर मिक्सर लावू नका, कडक झालेले गोळे फुटतात आणि दाटपणा कुठेही जातो.

आणि त्याच दिवशी भरू नका. रात्रभरात दाटपणा सरकतो. २७ अंशांना मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, मग भरा. दाटपणा मोजायचं ब्रुकफिल्ड यंत्र नसेल तर तळाला भोक असलेला बी-४ कप चालेल. सेकंदांत लिहा, पण तापमान बरोबर लिहा, नाहीतर जानेवारीच्या आणि मेच्या आकड्यांची तुलनाच होणार नाही.

टाकी एसएस ३१६ असली तर उत्तम. पीएच तीन आणि क्लोराइड एकत्र म्हणजे ३०४ ला वेल्डिंगच्या जोडावर बारीक खड्डे पडतात. साठवणुकीला एचडीपीई बरी.

---

भिवंडी_प्रोसेस

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा कॅटायनिक सॉफ्टनर फ्लेक्स घ्या ना. भिवंडीत प्रोसेस हाउसला (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना) सर्रास लागतात, स्वस्त आहेत. एक भाग फ्लेक्स, नऊ भाग ८० अंशांचं पाणी, अॅसेटिक अॅसिडने पीएच पाच, झाली पेस्ट. पातळ करून बाटलीत भरा.

---

टाकी_आणि_स्टिरर

भाऊ, प्रोसेस हाउसमध्ये तुमची पेस्ट त्याच आठवड्यात पॅडिंग मँगलमधून जाते. तिथे कापड ठरलेलं, माप ठरलेलं, पुढे स्टेंटरवर सुकवणी. घरगुती बाटलीला वर्षभर कपाटात टिकायचंय, आणि ग्राहक त्यात पांढरा शर्ट बुडवणार. बहुतेक फ्लेक्स स्टिअरिक अॅसिड आणि पॉलिअमाइनच्या कंडेन्सेशनचे असतात. उष्णतेत ते पांढऱ्या कापडाला पिवळी झाक देतात हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर पांढऱ्या मालाला तुम्हीच वेगळा सॉफ्टनर घेता. पातळ केलेली पेस्ट थंड झाल्यावर दाणे धरते ते वेगळंच. रंगीत, गडद कापडाच्या औद्योगिक धुलाईला फ्लेक्स ठीक आहेत. दुकानातल्या बाटलीला नाही.

सीटीएसी या दुसऱ्या क्वाटचंही सांगून टाकतो, कारण तोही सल्ला कोणीतरी देणारच. ती एकाच साखळीची आहे, पाण्यात सहज विरघळते, म्हणून कापडावर कमी बसते आणि फेस करते. केसांच्या कंडिशनरमध्ये तिची जागा आहे.

---

भिवंडी_प्रोसेस

पिवळेपणाचं मान्य. ऑप्टिकल ब्राइटनरवर तर लगेच दिसतो.

---

सुगंधी_ठाणे

सुगंधाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि बाटली विकली जाते ती वासावर.

०.४ टक्के हे साध्या मालाला योग्य आहे, वाढवू नका. सुगंध म्हणजे तेल, तो गोळ्यांच्या पापुद्र्यांत जाऊन बसतो आणि दाटपणा बदलतो. कोणत्या दिशेने, ते त्या सुगंधातल्या घटकांवर. त्याचा सॉल्व्हंट डीपीजी असला तर एक परिणाम, डीईपी असला तर दुसरा. म्हणून सुगंध बदलला की कॅल्शियमचं माप पुन्हा जुळवावं लागतं. ‘फक्त वास बदलला, बाकी सगळं तेच’ असं या मालात नसतं.

मागताना पुरवठादाराला स्पष्ट सांगा: पीएच तीन, कॅटायनिक बेस, ४५ अंशांवर चार आठवडे. हँडवॉशचा सुगंध इथे टिकेलच असं नाही. लॅव्हेंडरमधला लिनालिल अॅसिटेट आम्लात तुटतो, वास उग्र होतो. लिंबूवर्गीय टर्पीन हवेने बिघडतात, टर्पेंटाइनकडे झुकतात. व्हॅनिलिन आणि काही अॅल्डिहाइड माल तपकिरी करतात, निळ्या बाटलीत तो हिरवट दिसतो. कस्तुरी, सँडल, पावडरी प्रकार या बेसमध्ये जास्त खात्रीचे, आणि कपड्यावरही ते जड घटकच उरतात. पावसाळ्यात बाल्कनीच्या आत दोन दिवस दोरीवर लोंबणाऱ्या कपड्याला हलक्या लिंबाचा काहीच उपयोग नाही, तो पहिल्या तासात उडून जातो.

सुगंध विरघळवायला कोणी एसएलईएस (डिशवॉशमधला फेसाचा घटक) सुचवलं तर हात जोडा. तो ऋण प्रभारी, चोथा होणार. इथे वेगळा सॉल्युबिलायझर लागतच नाही, ४० अंशांना क्वाटचे गोळेच सुगंध सामावून घेतात.

रंग. डिशवॉशचा निळा बहुधा अॅसिड डाय असतो, म्हणजे ऋण प्रभारी. क्वाटशी जोडी जमून बारीक निळे ठिपके होतात आणि ते नेमके पांढऱ्या बनियनवर उतरतात. पॉलिमेरिक, नॉनआयोनिक रंग घ्या, जो कापडावर चढत नाही. २०० किलोला २ ग्रॅमपासून सुरुवात करा, हे प्रमाण १० पीपीएम. चाचणी सोपी आहे: पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर न मिसळलेला सॉफ्टनर ओता, रात्रभर ठेवा, साध्या पाण्यात धुवा. डाग राहिला तर रंग बाद. लाइनच्या पाण्यात क्लोरीन असतं, तो रंग फिकट करतो आणि सुगंधही खातो, त्यामुळे पाणी आधी कार्बन फिल्टरमधून काढलेलं बरं.

---

रबाळे_ब्लेंडिंग

फारच उपयोगी. धन्यवाद सगळ्यांना. शेगडी आजपासून बंद.

तीन शंका. एक, गोदामात जुना माल पडलाय, त्याचं काय करता येईल? दोन, कॅटायनिक असल्यावर प्रिझर्व्हेटिव्हची गरज खरंच असते का? पुरवठादार म्हणतो क्वाट स्वतःच जंतुनाशक आहे. तीन, एका दुकानदाराने तक्रार केली की कपडे मऊ होतच नाहीत. माझ्याकडे टॉवेल मऊ होतात.

---

पीएच_तीन

जुना माल: तीन ढीग करा. ज्यात मेणबत्तीचा वास आहे तो गेला. तुटलेला एस्टर आम्ल घातल्याने जोडला जात नाही. पीएच खाली आणलात तर उरलेलं क्वाट पुढे तुटायचं थांबेल एवढंच, गाठी तशाच राहतील. ज्या बाटल्या फुगल्यात किंवा झाकण उघडताना हवा सुटते त्या दूषित, त्या कोणत्याही बॅचमध्ये परत घालू नका. राहिल्या नुसत्या घट्ट झालेल्या, वास ठीक असलेल्या. त्यातला अर्धा लिटर घ्या, आधी पीएच तीनला आणा, मग कॅल्शियम क्लोराइडचं दहा टक्क्यांचं द्रावण अर्धा-अर्धा मिली घालून बघा. पातळ होऊन दुसऱ्या दिवशीही एकसारखा राहिला तर त्या प्रमाणात बाकीचा सुधारता येईल. तुमच्या मालात मीठ आधीच आहे, त्यामुळे दोन-तीन मिलीच्या पुढे जाऊ नका, फाटेल. आणि सुधारलेला माल औद्योगिक लाँड्रीला द्या, दुकानात परत पाठवू नका.

प्रिझर्व्हेटिव्ह: लागतोच. जंतुनाशक क्वाट म्हणजे मुख्यतः बेन्झाल्कोनियम. तो एका साखळीचा, पाण्यात मोकळा फिरतो. एस्टरक्वाट गोळ्यांत अडकलेलं असतं, जंतूंपर्यंत पोचत नाही, उलट त्यातलं फॅटी अॅसिड बुरशीला खाद्य. तुमचं ०.१ टक्के बरोबर आहे: दीड टक्क्याच्या द्रावणाचं ०.१ टक्के म्हणजे सक्रिय १५ पीपीएम. पीएच तीनला सीएमआयटी टिकतो, पण तो ४५ अंशांच्या खाली घाला. हातमोजे घालूनच, त्याची त्वचेला अॅलर्जी धरते आणि एकदा धरली की सुटत नाही.  टँकरचं पाणी वापरता त्या दिवशी पाणी ६० अंशांवर नेता आहात म्हणून निर्धास्त राहू नका. पाइपचे कोपरे, भरण्याच्या मशीनच्या नळ्या, स्टोरेजची खालची कॉक, जंतू तिथे बसतात.

कपडे मऊ न होण्याचं कारण बहुतेक वेळा बाटलीत नसून बादलीत असतं. धुण्याची पावडर ऋण प्रभारी सर्फॅक्टंटची. तो नीट खंगाळला नाही तर सॉफ्टनर कापडाआधी त्याच्याशीच जोडी जमवतो. रेणूला रेणू असा हिशेब धरला, क्वाटचं रेणूभार ७०० च्या आसपास आणि पावडरमधल्या एलएएसचं साडेतीनशेच्या, तर खंगाळायच्या पाण्यात राहिलेला १ ग्रॅम एलएएस २ ग्रॅम क्वाट खाऊन टाकतो. किलोभर कोरड्या कपड्यांना आपण देतो साधारण १ ग्रॅम क्वाट, म्हणजे पाच टक्क्यांच्या मालाचे २० मिली. पाण्यावर अजून फेस दिसतोय तोवर सॉफ्टनर ओतणं म्हणजे पैसे मोरीत. लेबलवर ‘शेवटच्या स्वच्छ पाण्यात’ हे ठळक लिहा, आणि मशीनवाल्यांना ‘पावडरबरोबर टाकू नये’.

तुमच्याकडे टॉवेल मऊ होतात त्याबद्दलही एक सांगतो. टॉवेल मऊ झाला आणि पाणी टिपेनासा झाला, तर गिऱ्हाईक परत येत नाही. क्वाटच्या साखळ्या धाग्यावर बाहेरच्या बाजूला तोंड करून बसतात, म्हणून धागे एकमेकांवर घसरतात, आणि म्हणूनच पाणी शोषणं कमी होतं. सुती तुकडा सॉफ्टनर लावून वाळवा, पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद ठेवा आणि बुडायला किती सेकंद लागतात ते न लावलेल्या तुकड्याशी ताडून बघा. फरक फार असला तर जास्त असंपृक्त साखळीचं क्वाट बघा, आयोडीन व्हॅल्यू चाळीसच्या आसपास. मऊपणा थोडा कमी मिळेल, शोषण बरं राहील. मात्र असंपृक्त साखळीला हवेमुळे खवट वास लवकर येतो, अँटिऑक्सिडंट घातलेला आहे का ते पुरवठादाराला विचारा.

---

टाकी_आणि_स्टिरर

एक राहिलं. टाकी धुतलेलं पाणी गटारात सोडू नका, तुमच्या ईटीपीतही (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) एकदम नको. क्वाट जैविक टाकीतल्या जिवाणूंना बाधतं, आणि पुढे सगळं पट्ट्यातल्या सामाईक ईटीपीला (सीईटीपी) जातं. पहिल्या खंगाळणीचं पाणी, ज्यात अर्धा-एक टक्का माल असतो, बंद ड्रममध्ये घ्या आणि त्याच दिवशीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या बॅचच्या पाण्यात वापरा, तेवढं क्वाट हिशेबात धरून. दोन दिवसांपेक्षा जुनं झालं तर नको, तेच पुढच्या बॅचला दूषित करतं.

डिशवॉश आणि सॉफ्टनर एकाच टाकीत करत असाल तर मध्ये नुसतं पाणी फिरवून भागत नाही. एसएलईएसचा पातळ थर उरला तरी सॉफ्टनरच्या पहिल्या पंधरा-वीस किलोंत चिकट दोरे दिसतील. गरम पाण्याने दोनदा, मग ड्रेन व्हॉल्व्ह उघडून त्याच्या आतून, कारण साबण तिथेच साचतो. शेवटच्या पाण्याचा ग्लासभर नमुना घेऊन त्यात थोडं तयार सॉफ्टनर टाका. पाणी दुधाळ झालं पण एकसारखं राहिलं तर टाकी स्वच्छ. तंतू किंवा चोथा दिसला तर पुन्हा धुवा.

---

रबाळे_ब्लेंडिंग

दोन्हीला एकच टाकी आहे खरी. ड्रेन व्हॉल्व्ह उघडून बघतो आधी. नवीन बॅच एचईसीशिवाय, पीएच ३.० वर घेऊन ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये चार आठवडे ठेवतो आणि बी-४ चे आकडे इथेच टाकतो.

---

पीएच_तीन

ओव्हनमधल्या बाटल्यांचा पीएचही दर आठवड्याला लिहा. फॅटी अॅसिड सुटायला लागलं की दाटपणा दिसण्याआधी पीएच सरकतो.